फिफ्थ व्हीलसाठी कुठला ट्रक पुरेल? ब्रोशर बाजूला ठेवून खऱ्या वजनाचा हिशोब असा करा

इथे अमेरिकेत ओळखीतली बरीच मराठी मंडळी टेंट आणि छोट्या ट्रेलरवरून आता फिफ्थ व्हीलकडे, म्हणजे पिकअप ट्रकच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात) अडकवून ओढायच्या मोठ्या कॅम्पिंग ट्रेलरकडे, वळायला लागलीयेत. कुणाचं वर्क फ्रॉम होम आहे, कुणाचे आई-बाबा उन्हाळ्यात भारतातून येतात आणि त्यांना घेऊन यलोस्टोन करायचं असतं, आणि मग पहिला प्रश्न हमखास हाच येतो की आमच्याकडे २५० (फोर्ड एफ-२५० सारखा पिकअप ट्रक) आहे, बारा-तेरा हजार पौंडांचा ट्रेलर ओढेल ना? डीलरला विचारलं की उत्तर ठरलेलं, आरामात ओढेल. ओढेल हो, इंजिन ओढेलच, त्याबद्दल मलाही शंका नाही. पण ट्रक आधी कमी पडतो तो ओढण्यात नाही, वजन अंगावर घेण्यात, आणि ह्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून लोक हजारो डॉलरचं ट्रक-ट्रेलरचं काँबिनेशन घेऊन बसतात म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

फिफ्थ व्हीलची हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडायची कडी, ट्रकच्या मागे बंपरला नसते, बेडमध्ये असते, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. ट्रेलरचं नाक, म्हणजे किंगपिन, तिथे येऊन बसतं. साध्या बंपर पुल ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन ट्रकवर येतं, फिफ्थ व्हीलचं २० ते २५ टक्के येतं. ह्यालाच पिन वेट म्हणतात. चालवायला फिफ्थ व्हील जास्त स्थिर वाटतो तो ह्याचमुळे, पण त्याची किंमत ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक अंगावर घेऊ शकतो त्या वजनातून, वसूल होते.

(सगळे आकडे पौंडात देतोय कारण स्टिकर आणि काटा दोन्हीकडे पौंडच असतात. किलो हवे असतील तर २.२ ने भागा.)

आधी ट्रेलरचं खरं वजन

ब्रोशरमधलं ड्राय वेट विसरा. तो आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, पाणी नाही, सामान नाही, आणि बऱ्याचदा बॅटरी आणि डीलरने टाकलेले ऑप्शन्सही त्यात नसतात. त्या अवस्थेत तो ट्रेलर तुम्ही आयुष्यात कधीच ओढणार नाही.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा ट्रेलरचं ड्राय वेट १०,४००, ब्रोशरमधलं पिन वेट १,९०० आणि जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं भरून जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन, १३,५००. आता ह्यात काय काय चढतं ते बघा. पाणी एका गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की जवळजवळ ५०० पौंड तिथेच गेले. तीस पौंडी प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर साधारण ११०. दोन लेड ॲसिड बॅटऱ्या घेतल्या तर आणखी शंभराच्या वर. दुसरा एसी, सोलर पॅनल, वॉशर-ड्रायर असेल तर तो. मग आपलं घर: कुकर, कढया, मिक्सर, तांदळाची वीस पौंडी पिशवी, कणीक, डाळी, कपडे, पांघरुणं, खुर्च्या, बाहेरची ग्रिल, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, मुलांच्या सायकली. वीकेंडला जाणारं कुटुंबसुद्धा हजार-दीड हजार पौंड सहज भरतं, आणि महिनाभर निघणारं दोन हजाराच्या पुढे जातं. ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या) आणि ब्लॅक (टॉयलेटच्या) टाक्या रिकाम्या न करता निघालात तर चाळीस गॅलनच्या प्रत्येक टाकीमागे ३३० पौंड आणखी. आपल्या उदाहरणातला ट्रेलर असा भरून १२,८५० वर जातो असं धरू.

आता पिन वेट. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण फिफ्थ व्हीलची रचनाच अशी असते की सामान पुढे जमा होतं. बेडरूम पुढे, त्यातलं कपाट बरोबर पिनच्या वर, खालचा मोठा स्टोरेज कप्पा पुढे, बॅटऱ्या पुढे, प्रोपेन पुढे, जनरेटर असेल तर तोही पुढे. त्यामुळे ब्रोशरमधले १,९०० भरल्यावर २,७०० होतात ह्यात काही नवल नाही. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा, ॲक्सलच्या पुढे असेल तर पाणी भरल्यावर पिन वेट वाढतं, मागे असेल तर कमी होतं. टॉय हॉलरचं, म्हणजे मागे मोटरसायकल ठेवायचं गॅरेज असलेल्या ट्रेलरचं, गणित उलटं असतं, गॅरेज मागे असल्यामुळे कंपनी पिन मुद्दाम जड ठेवते आणि मोटरसायकल न घेता निघालात तर पिनवर उलट जास्त वजन येतं.

म्हणून खरेदी करण्याआधी हिशोब करताना माझा सरळ नियम असा की ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर घ्या आणि त्याचे २२ टक्के हे पिन वेट धरा. इथे १३,५०० चे २२ टक्के म्हणजे २,९७०. कमी निघालं तर फायदाच आहे. जीव्हीडब्ल्यूआरचा आकडा ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला, ड्रायव्हर साइडला पुढे, व्हीआयएनच्या (गाडीच्या ओळख क्रमांकाच्या) स्टिकरवर मिळतो. ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला सहसा दुसरा पिवळा स्टिकर असतो, त्यावर ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती सामान चालेल आणि पाण्याची टाकी भरली तर त्यातले किती पौंड जातील हे दिलेलं असतं. हे दोन्ही स्टिकर त्याच ट्रेलरचे फोटो काढून घ्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रेलरचे नको.

मग ट्रकचा दरवाजा उघडा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर टायरच्या माहितीचा स्टिकर असतो. त्यावर पिवळ्या पट्टीत लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा तुमचा पेलोड. हा आकडा त्या एका ट्रकचा असतो, मॉडेलचा नसतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलचा पेलोड शेकडो पौंडांनी वेगळा असू शकतो, कारण क्रू कॅब, फोर बाय फोर, सनरूफ, वरच्या ट्रिमच्या (महागड्या व्हेरिएंटच्या) जाड सीट्स, ह्या सगळ्याचं वजन पेलोडमधूनच कापलं जातं. डिझेल इंजिनचंही तेच. ते गॅस (म्हणजे पेट्रोल) इंजिनपेक्षा काही शे पौंडांनी जड असतं, म्हणून जोर जास्त असूनही त्याच ट्रकच्या डिझेलला पेलोड कमी मिळतो. थ्री क्वार्टर टनमध्ये, म्हणजे २५० किंवा २५०० मध्ये, हा फरक फार बोचतो, कारण त्यातल्या बऱ्याच ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० वर बांधलेला असतो.

ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पेक्षा जास्त असेल तर हा पेलोडचा आकडा कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे वन टनवर, म्हणजे ३५० किंवा ३५०० वर, तो कधी असतो कधी नसतो. नसेल तर ट्रक काट्यावर नेऊन वजन करा आणि ते जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करा, तो तर अजून खरा आकडा.

आता वजाबाकी. समजा तुमच्याकडे वरच्या ट्रिमची डिझेल २५० आहे आणि स्टिकरवर २,१८० लिहिलंय. त्यातून स्टीलची हिच २०० (जड हिच अडीचशेपर्यंत जाते, ॲल्युमिनियमची हलकी चाळीसच्या आसपासही मिळते). नवरा-बायको आणि एक मूल मिळून ४००, ड्रायव्हर धरून, कारण स्टिकरच्या हिशोबात ड्रायव्हर आधी धरलेला नसतो. टूलबॉक्स, कूलर, चॉक्स (चाकाखाली लावायच्या पाचरी), बेड लायनर, बेडमधलं इतर सामान २३०. झाले ८३०. उरले १,३५०. हे पिनसाठी. १,३५० ला ०.२२ ने भागलं की येतात ६,१३६. म्हणजे ब्रोशरवर पंधरा-सोळा हजार टोइंग कपॅसिटी लिहिलेला हा ट्रक प्रत्यक्षात सहा हजार पौंडांच्या फिफ्थ व्हीललाच पुरतो, आणि तेवढा हलका फिफ्थ व्हील शोधून सापडणं मुश्किल. मागच्या सीटवर आई-बाबा बसले की आणखी ३०० गेले आणि आकडा ४,८०० च्या खाली आला.

हाफ टनबद्दल, म्हणजे १५० किंवा १५०० बद्दल, वेगळं काही सांगायची गरज नाही, हेच गणित पंधरा-सोळाशेच्या पेलोडवर करून बघा. ट्रेलरच्या अंगावर हाफ टन टोएबल असं लिहिलेलं असलं तरी ते तुमच्या दरवाजावरच्या आकड्याला लागू होत नाही.

आता वन टन, सिंगल रिअर व्हील (मागे दोनच चाकं), जीव्हीडब्ल्यूआर ११,५०० आणि पेलोड ३,९०० घेऊ. त्यातून तेच ८३० गेले, उरले ३,०७०. आपल्याला हवे होते २,९७०. बसलं, पण शंभर पौंडांनी. आई-बाबा आले तर नाही बसत. आता तुमच्यापुढे रस्ते दोन, एकतर दोन हजार पौंडांनी हलका ट्रेलर किंवा मग ड्युअली, म्हणजे मागे चार चाकांचा ट्रक. माझं मत विचाराल तर ट्रक आधीच घेतलेला असेल तर ट्रेलर हलका घ्या, आणि काहीच घेतलेलं नसेल तर आधी ट्रेलर ठरवा आणि मग त्याला पुरून उरेल असा ट्रक घ्या. उलट क्रमाने गेलं की दोनदा ट्रक घ्यावा लागतो.

टोइंग कपॅसिटीच्या आकड्याचं काय?

तो खोटा नसतो. २०१० नंतर एकेक करत कंपन्यांनी एसएई जे२८०७ नावाची एक सारखी टेस्ट स्वीकारली. त्यात ॲरिझोनात बुलहेड सिटीजवळ हायवे ६८ वर डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, भर उन्हात, एसी फुल ठेवून चढावा लागतो आणि स्पीड ठराविक मर्यादेच्या खाली जाऊन चालत नाही. इंजिन, गिअर, कूलिंग ह्यासाठी ही चांगली टेस्ट आहे. पण त्यात ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात आणि फिफ्थ व्हीलचं पिन वेट १५ टक्क्यांच्या आसपास. कुटुंब घेऊन, भरलेला ट्रेलर लावून निघालेल्या माणसाचा हिशोब त्यात येतच नाही. म्हणून जीसीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर मिळून मर्यादा, तीही तपासा जरूर, पण डिझेलमध्ये ती सहसा शेवटी आड येते, पेलोड पहिल्यांदा.

आणखी एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते की एअर बॅग टाकल्या की झालं. एअर बॅगने ट्रकची मागची बाजू वर येते, सरळ दिसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाहीत, हे सगळं खरं. पण जीव्हीडब्ल्यूआर एका पौंडाने वाढत नाही. ॲक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच. तसंच २५० आणि ३५० मध्ये फरक फक्त स्टिकरचा आहे असंही लोक म्हणतात. काही वर्षांच्या काही ट्रकमध्ये सुटे भाग खूपसे सारखे असतात हे मान्य, तरी मी स्टिकरच्या बाजूने आहे, कारण आपल्या ट्रकला नेमके कुठले स्प्रिंग आणि कुठले टायर बसलेत हे बहुतेकांना माहीत नसतं आणि मागे आपलीच मुलं बसलेली असतात.

वजनकाटा: इथे सगळ्या अंदाजांचा निकाल लागतो

साखर कारखान्यावर उसाची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर जाते, मग रिकामी जाते, आणि दोन्हीतला फरक म्हणजे ऊस. इथेही अगदी तसंच करायचंय. पायलट, फ्लाइंग जे, लव्ह्ज अशा ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, पंधरा डॉलरच्या आसपास पहिलं वजन आणि त्याच काट्यावर २४ तासांच्या आत परत आलात तर दुसरं वजन काही डॉलरमध्ये.

सकाळी लवकर जा, गर्दी नसते आणि पोटासाठी धावणाऱ्या ट्रकवाल्यांचा खोळंबा होत नाही. जायच्या आधी डिझेल फुल करा, सामान, पाणी, माणसं सगळं ट्रिपला निघताना असतं तसंच ठेवा. काट्यावर एकापुढे एक मोठ्या प्लेट असतात. ट्रकची पुढची चाकं पहिल्या प्लेटवर, मागची दुसऱ्या प्लेटवर, ट्रेलरची सगळी चाकं तिसऱ्यावर, अशी गाडी उभी करायची. बटण दाबून पहिलं वजन आहे आणि प्रायव्हेट आरव्ही (कॅम्पिंगची खासगी गाडी) आहे असं सांगायचं, मग आत जाऊन स्लिप घ्यायची. वे माय ट्रक ॲप वापरलं तर गाडीतून उतरायचीही गरज नाही. नंतर ट्रेलर सोडून फक्त ट्रक परत आणायचा, हिच बेडमध्येच ठेवून आणि तीच माणसं आत बसवून. ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडून आलात तरी चालतं.

आपल्या वन टनची स्लिप समजा अशी आली. ट्रेलरसकट: पुढचा ॲक्सल ४,७८०, मागचा ६,३७०, ट्रेलरचे ॲक्सल १०,१३०, एकूण २१,२८०. नुसता ट्रक: पुढचा ४,७४०, मागचा ३,६९०, एकूण ८,४३०.

आता वाचा. ट्रेलरचं खरं वजन म्हणजे २१,२८० वजा ८,४३०, बरोबर १२,८५०. पिन वेट म्हणजे ट्रेलर लावल्यावर ट्रकचे दोन्ही ॲक्सल मिळून ११,१५० वजा ८,४३०, आले २,७२०. ब्रोशर म्हणत होतं १,९००. टक्केवारी २१ च्या थोडी वर, म्हणजे छान. ती १५ च्या खाली आली तर ट्रेलर मागे डोलायला लागतो, तेव्हा सामान पुढे सरकवा. जीव्हीडब्ल्यूआर ११,५०० मधून ११,१५० गेले, शिल्लक ३५०. आई-बाबा बसले की शिल्लक ५०. स्लिपवर हा आकडा बघितला की लाकडं आणि पाण्याचे कॅन बेडमध्ये टाकायचा मोह आपोआप जातो.

मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी असते, दरवाजावर आरजीएडब्ल्यूआर किंवा रिअर जीएडब्ल्यूआर असं लिहिलेलं असतं. इथे ती ७,००० धरली तर ६,३७० ठीक आहे. एकूण मर्यादेत राहूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड होऊ शकतो म्हणून दोन्ही तपासा, आणि माझ्या दृष्टीने ॲक्सल आणि टायर ह्या दोन मर्यादांशी कसलीच तडजोड नको.

टायरचं असं. ट्रकच्या एलटी २७५/७०आर१८ लोड रेंज ई टायरची क्षमता ८० पीएसआयला ३,६४० पौंड. ६,३७० चे निम्मे ३,१८५, बसतं. पण कुणी दिसायला छान म्हणून मोठे रिम आणि वेगळे टायर टाकले असतील तर टायरच्या कडेवरचा आकडा वाचा, सेकंडहँड ट्रकमध्ये तर नक्कीच. ट्रेलरच्या एसटी २३५/८०आर१६ ई टायरची क्षमता ८० पीएसआयला ३,५२०, आणि १०,१३० भागिले चार म्हणजे सरासरी २,५३०. सरासरी म्हणतोय कारण किचन आणि स्लाइड-आउट ज्या बाजूला असतात ती बाजू जड असते. प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करून हवं असेल तर एस्केपीज क्लबची स्मार्टवे सेवा आहे, टेक्ससमध्ये लिव्हिंगस्टनला त्यांचं मोठं ठिकाण आहे. ट्रेलरचे टायर घासून जायच्या आधी वयाने जातात, म्हणून टायरच्या कडेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंक बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षं झाली की बदला, ट्रेड कितीही नवा दिसू दे.

घाट

वजन बसलं तरी घाटात गॅस की डिझेल हा प्रश्न राहतोच. टर्बो नसलेलं गॅस इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालात तर आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे एक तृतीयांश ताकद गायब. चढता येतं, हळू, उजव्या लेनने, इंजिन ओरडत. मला जास्त काळजी उताराची वाटते. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक लांब उतारावर वेग धरून ठेवतो आणि पायाने सारखं ब्रेक दाबावं लागत नाही. बारा हजाराच्या पुढचा ट्रेलर आणि रॉकीज वारंवार करायचे असतील तर मी डिझेल वन टन सांगेन. टेक्सस, फ्लोरिडाच्या सपाटीवर फिरणाऱ्याने गॅस वन टन घेऊन वाचलेला पेलोड वापरावा. ट्रेलर ब्रेक कंट्रोलर ट्रकच्या डॅशमध्ये हवाच, आणि निघण्याआधी सपाट जागी २०-२५ च्या स्पीडला नुसता ट्रेलर ब्रेक हाताने दाबून ट्रेलर मागे खेचतो का बघा.

उरलेल्या दोन-तीन गोष्टी

आठ फुटी बेड असेल तर हिचची चिंता नाही. साडेसहा फुटी बेडमध्ये तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेला लागू शकतो, तिथे स्लायडर हिच (वळताना मागे सरकवता येणारी) घ्या, पण तिचं वजनही पेलोडमध्ये धरा. बेडच्या कडा आणि ट्रेलरचं पोट ह्यात सहा इंच तरी मोकळे हवेत, आणि तेवढं ठेवूनही ट्रेलर सपाट उभा राहिला पाहिजे. नाक वर राहिलं तर ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो आणि त्याचेच टायर आधी जातात.

लायसन्स राज्याप्रमाणे बदलतं. कॅलिफोर्नियात १०,००० ते १५,००० जीव्हीडब्ल्यूआरच्या फिफ्थ व्हीलला नेहमीच्या क्लास सीवर वेगळं एंडोर्समेंट (जादा परवानगीचा शेरा) लागतं, १५,००० च्या वर नॉन-कमर्शियल क्लास ए. टेक्ससमध्ये ट्रक आणि ट्रेलरचे जीव्हीडब्ल्यूआर मिळून २६,००० च्या वर गेले आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असेल तर नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. आपलं उदाहरण ११,५०० अधिक १३,५०० म्हणजे २५,००० वर थांबतं, पण त्याच ट्रेलरला १४,००० ची ड्युअली लावली की २७,५०० होतात, म्हणून ड्युअली बुक करायच्या आधी आपल्या राज्याच्या डीएमव्हीचा (लायसन्स देणाऱ्या खात्याचा) नियम वाचून घ्या.

दोन्ही स्लिपांचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि बॅटऱ्या वाढवल्या, जनरेटर बसवला किंवा हिच बदलली की पुढच्या ट्रिपला भरलेल्या गाडीचं वजन परत करून घ्या.